सहा गुलाब आणि त्यांच्या नावपट्ट्या : घरपोच रोपे पाठवणाऱ्या एका रोपवाटिकेचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या सुरुवातीला मी घरपोच रोपे पाठवणाऱ्या एका रोपवाटिकेकडून सहा गुलाबांचा संच मागवला. संचाला ‘विश्वविख्यात गुलाब’ असे भारदस्त नाव दिलेले होते आणि त्यात पीस, क्वीन एलिझाबेथ, आइसबर्ग, डबल डिलाइट, ग्रॅहम थॉमस आणि मिस्टर लिंकन या सहा जाती होत्या. विशेषण अगदीच पोकळ नव्हते, कारण देशोदेशींच्या गुलाब संघटनांचा जागतिक महासंघ दर काही वर्षांनी एखाद्या गुलाबाला आपल्या मानाच्या यादीत स्थान देतो आणि त्या यादीत यांपैकी पहिली पाच नावे खरोखरच आहेत. पीसला तर १९७६ साली त्या यादीतला पहिलाच मान मिळाला. मिस्टर लिंकन मात्र त्या यादीत नाही, आणि योगायोग असा की माझी सर्वांत जास्त दमछाक त्यानेच केली.

रोपवाटिकेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. सहा रोपांच्या अनुभवावरून एखाद्या व्यवसायावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही, आणि ज्या उणिवा मला दिसल्या त्या तिच्या एकटीच्या नाहीत हे इतर बागप्रेमींशी बोलताना वारंवार लक्षात आले आहे. परीक्षण लिहायला दोन वर्षे का थांबले, हेही सांगायला हवे. गुलाबाच्या रोपाविषयी पार्सल उघडल्याच्या दिवशी लिहिलेले मत हे फार तर खोक्याविषयीचे मत असते. झुडपाविषयी काही म्हणायचे तर त्याच्या निदान दोन छाटण्या आणि चार-पाच बहर पाहावे लागतात.

खोक्याविषयी तक्रार नाही. प्रत्येक रोपाच्या मुळ्या ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून पिशवीचे तोंड घट्ट बांधलेले होते, खोडे पुठ्ठ्याच्या खाचांत अडकवलेली होती, आणि चार दिवसांच्या प्रवासानंतरही एकही फांदी मोडलेली नव्हती. मुळीची साल नखाने किंचित खरवडली तर आतून ती पांढरी आणि ओलसर दिसत होती. सहाही रोपे डोळा भरलेली होती, म्हणजे रानटी किंवा काटक गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा एक डोळा (फूट धरणारा कोंब) बसवून वाढवलेली. अशा रोपात खुंट संपून जात सुरू होते तेथे एक गाठ असते, आणि रोपाची पारख करायची ती फुलाच्या छायाचित्रावर नव्हे तर या गाठीवर. पाच रोपांची गाठ भरीव आणि नीट मिळून आलेली होती, तिच्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या किमान तीन फांद्या वेगवेगळ्या दिशांना निघालेल्या होत्या. ग्रॅहम थॉमसच्या गाठीवर मात्र खुंटाचा कापलेला भाग वाळून काळपट पडला होता आणि त्याला एकच फांदी होती. त्याच दिवशी मी छायाचित्र काढून कळवायला हवे होते. मी कळवले नाही, कारण बाकीची पाच रोपे पाहून माझे समाधान झाले होते.

नावपट्ट्यांविषयी मात्र पहिल्या दिवसापासून नाराजी होती. पांढऱ्या प्लास्टिकची बोटभर पट्टी, तिच्यावर मार्करने लिहिलेले एक नाव आणि बाकी काहीही नाही. सहा महिन्यांच्या ऊनपावसात शाई इतकी विटली की ‘क्वीन’मधला ‘क्वी’ तेवढा वाचता येत होता. त्यातही नुसते एक नाव गुलाबाच्या बाबतीत फारसे पुरत नाही. पीसचेच पाहा. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच संकरकाराने १९३५ साली केलेल्या संकरातून हा गुलाब निघाला. दुसरे महायुद्ध भडकण्याच्या सुमारास त्याच्या काड्या वेगवेगळ्या देशांत पोहोचल्या, मग संपर्क तुटला, आणि ज्याच्या हाती काडी होती त्याने आपापल्या परीने त्याचे बारसे केले. फ्रान्समध्ये तो ‘मादाम आ. मेयाँ’ झाला, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’, इटलीत ‘जोइया’, आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी ‘पीस’ या नावाने जाहीर झाला. जर्मनीतल्या कोर्डेस यांचा १९५८ सालचा आइसबर्गही आपल्या मायदेशी ‘श्नेव्हिट्शेन’ या नावानेच ओळखला जातो. म्हणजे दोन रोपवाटिकांकडून दोन वेगळ्या नावांचे गुलाब आणावेत आणि दोन वर्षांनी ते एकच निघावेत, असे सहज घडू शकते.

यावर तोड निघालेली आहे. आधुनिक जातींना व्यापारी नावाखेरीज नोंदणीचे एक सांकेतिक नाव असते आणि त्याची पहिली तीन अक्षरे संकरकाराची खूण असतात : मेयाँची एम-ई-आय, कोर्डेसची के-ओ-आर, डेव्हिड ऑस्टिनची ए-यू-एस. ग्रॅहम थॉमस जगात कोठेही कोणत्याही नावाने विकला गेला तरी त्याचे सांकेतिक नाव ‘ऑसमस’ हेच राहते. संकरकार, वर्ष आणि हे सांकेतिक नाव एवढे तीन तपशील पट्टीवर छापायला रोपवाटिकेला किती खर्च आला असता, हे मला समजू शकलेले नाही. ज्या विक्रेत्याच्या पट्टीवर हे तपशील असतात त्याने निदान आपल्याकडच्या रोपांची वही ठेवलेली असते, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या बहरात तीन नावांची खात्री पटली. क्वीन एलिझाबेथ ओळखायला सोपा, कारण तो वाढतो तो सरळसोट आणि उंच, इतका की फुले पाहण्यासाठी मान वर करावी लागते. अमेरिकेत १९५४ साली तो आला तेव्हा त्याला बसवण्यासाठी ‘ग्रँडिफ्लोरा’ असा नवा वर्गच काढावा लागला होता. आइसबर्गच्या फांद्या गुळगुळीत आणि जवळजवळ बिनकाट्याच्या, पाने फिकट हिरवी आणि फुले झुबक्यांनी येणारी. (काटे हा शब्द मी सवयीने वापरते आहे. लिंबाचा काटा ही रूपांतर झालेली फांदी असते, तर गुलाबाचा काटा हा केवळ सालीचा उंचवटा असतो. अंगठ्याने बाजूला रेटला तर तो बुडखा न तुटता अख्खा निघून येतो.) थंडीत आइसबर्गच्या कळ्यांवर गुलाबी छटा उमटली तेव्हा मी क्षणभर साशंक झाले होते, पण गार हवेत या जातीत ती उमटतेच. पीसची फुले हाताच्या तळव्यापेक्षा मोठी, फिकट पिवळी आणि गुलाबी कडेची आली, आणि पाने तेल चोपडल्यासारखी चकचकीत होती.

डबल डिलाइटच्या बाबतीत चूक माझी होती आणि रोपवाटिका बरोबर होती, हे आधी नोंदवते. १९७७ सालच्या या जातीची ख्याती अशी की पाकळ्यांचा गाभा सायीच्या रंगाचा आणि कडा लालभडक, शिवाय सुगंध भरपूर. माझ्याकडे पहिली तीन फुले आली ती जवळजवळ पूर्ण सायीच्या रंगाची. मी तक्रार केली, छायाचित्रे पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले : ‘कुंडी उन्हात ठेवा.’ उत्तर त्रोटक असले तरी अचूक होते. या फुलातला लाल रंग प्रकाश पडल्यावरच चढतो, आणि माझी कुंडी भिंतीच्या आडोशाला होती जेथे सकाळचे ऊन जेमतेम दोन तास मिळत असे. कुंडी हलवल्यानंतर दुसऱ्या बहराला कडा लाल झाल्या. एका फुलावर तर शेजारच्या फांदीचे पान चिकटून बसले होते. ते बाजूला केले तेव्हा त्याखालच्या पाकळीवर पानाच्या आकाराचा फिका ठसा राहिलेला दिसला, जणू कोणी साचा ठेवून रंग फवारला असावा. सुगंध मात्र सावलीतल्या त्या फिक्या फुलांनाही पुरेपूर होता, आणि मी नाकावर भरवसा ठेवला असता तर ती तक्रार लिहिलीच नसती.

आता मिस्टर लिंकनकडे वळते. हर्बर्ट स्विम आणि ओलिव्हर वीक्स यांनी काढलेला, १९६४ साली बाजारात आलेला हा हायब्रिड टी वर्गातला गुलाब. लांब दांड्यावर बहुधा एकच फूल, मखमली गडद लाल रंग, तीसहून अधिक पाकळ्या, आणि खोलीत एक फूल ठेवले तरी जाणवेल असा सुगंध. माझ्याकडे ‘मिस्टर लिंकन’ या पट्टीखाली जे फुलले ते लाल होते, आणि साम्य तेथेच संपले. फुले पाच-सातच्या झुबक्याने येत, दोन दिवसांत पूर्ण उघडी पडून मधले पिवळे पुंकेसर दाखवत, आणि वास म्हणाल तर ओल्या पानाला येतो तेवढाच. मी एक फूल कागदावर ठेवून त्याच्या पाकळ्या एकेक करून वेगळ्या केल्या : सोळा. दुसऱ्या फुलाच्या सतरा.

यावर आलेले पहिले उत्तर असे होते की पहिल्या वर्षी फूल लहान येते, हवामानामुळे रंग आणि सुगंध बदलतो, तरी एक वर्ष थांबावे. अशा उत्तराची अडचण ही असते की त्यातले प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे असते. नव्या रोपाची फुले खरोखर लहान असतात, कडक उन्हात लाल रंग विटतो किंवा जांभळटतो, ढगाळ गार सकाळी सुगंधी गुलाबही गप्प असतो, आणि पाकळ्यांच्या संख्येतही थोडाफार फरक पडतो. परंतु तिसाची संख्या सोळावर येत नाही, आणि दांड्यावर एकेकटे फूल देणारी जात हवामान बदलले म्हणून प्रत्येक वेळी झुबके देऊ लागत नाही. ओळख पटवायची तर काय बदलते आणि काय बदलत नाही हे आधी वेगळे करावे लागते. फुलाचा रंग आणि आकार हे सर्वांत जास्त फसवणारे पुरावे, आणि नेमके त्यांचेच छायाचित्र सर्वजण काढतात. काट्यांचा आकार, दाटी आणि त्यांचा कल, पानाची चमक, देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या उपपर्णांची कड, कळी उमलण्यापूर्वीची तिची ठेवण, निदलांची, म्हणजे कळीखालच्या हिरव्या पाकळ्यांची, लांबी, झुडपाचा एकूण बांधा, फूल गळल्यावर फळ धरते की नाही, हे पुरावे बोलके असतात, पण त्यासाठी वर्षभर झाडाकडे पाहावे लागते.

निदलांवरून एक जुने लॅटिन कोडे आठवले. पाच भाऊ एकाच वेळी जन्मले. दोघांना दाढी, दोघांना नाही, आणि पाचव्याला अर्धीच. रानगुलाबाच्या कळीखालची पाच हिरवी निदले एकेक करून पाहिली तर दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोघांच्या कडा साफ असतात आणि एकाच्या एकाच कडेला झालर असते. निदले कळीत एकमेकांवर ज्या क्रमाने दुमडलेली असतात त्यात जी कड झाकली जाते तिच्यावर झालर येत नाही, एवढेच त्याचे इंगित. बागेतल्या अनेक गुलाबांतही हे कमीअधिक दिसते, त्यामुळे जात ओळखायला याचा उपयोग नाही. पण भिंग घेऊन ते एकदा पाहिल्यापासून मी कळी उलटी करून पाहिल्याशिवाय राहत नाही.

मधल्या काळात मी फोनवरच्या एका ओळख-अ‍ॅपचाही आधार घेऊन पाहिला. त्याच झुडपाचे तीन वेगवेगळ्या दिवशी छायाचित्र दाखवले आणि तीन वेगवेगळी नावे मिळाली, तिन्ही वेळा मोठ्या आत्मविश्वासाने. समोर आहे तो गुलाब आहे की कॅमेलिया, किंवा सुरकुतलेल्या पानांचा आणि दाट सुयांसारख्या काट्यांचा रोझा रुगोसा आहे की अन्य रानगुलाब, एवढे सांगण्यापुरती ही साधने बरी असतात. हजारो लागवडीच्या जातींतून, ज्यांतल्या कित्येक एकाच आईबापांची भावंडे असतात, उमललेल्या फुलाच्या एका छायाचित्रावरून एक जात निवडणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा लिहिले तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती बदललेली असावी, कारण या वेळी फुलाचे छायाचित्र मागितलेच नाही. गाठीपासून वर निघणाऱ्या फांदीचे, न उमललेल्या कळीचे, पानाच्या पाठीमागच्या बाजूचे आणि पूर्ण झुबक्याचे छायाचित्र मागवले, वासाविषयी दोन प्रश्न विचारले, आणि आठवड्याभरात स्पष्ट शब्दांत कळवले की हे रोप मिस्टर लिंकन नसून झुबक्यांनी फुलणाऱ्या फ्लोरिबंडा वर्गातले आहे, काड्या कापताना शेजारच्या ओळीतली काडी गेली असावी, आणि बदली रोप पाठवत आहोत. चूक कबूल करण्याची ही रीत मला मनापासून आवडली. वर्षभर आधी हेच प्रश्न विचारले असते तर माझा एक हंगाम वाचला असता, एवढेच म्हणणे आहे.

ग्रॅहम थॉमसची कथा वेगळी आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे. त्याच्या कुंडीखाली मी बशी ठेवली होती आणि बशीतले पाणी ओतून टाकायचे राहून जात असे. गुलाबाला पाणी हवे असते, पण मुळ्यांभोवती तुंबलेले पाणी नको असते. त्यात ती काळपट पडलेली गाठ. दुसऱ्या महिन्यात फांदी वरून खाली वाळत आली आणि गाठीपर्यंत काळी पडली. मी रोपावर पाणी सोडणार इतक्यात मातीलगत दोन जोमदार हिरवे फुटवे दिसले, आणि झाड वाचले म्हणून मला कोण आनंद झाला. चार महिन्यांनी त्या फुटव्यांवर पिवळ्या, वाटीसारख्या, भरगच्च पाकळ्यांच्या फुलांऐवजी नाण्याएवढी पाच पाकळ्यांची पांढरी फुले शेकड्याने आली. खुंट फुलला होता. गुलाब केव्हाच गेला होता.

खुंटाचा फुटवा आधी ओळखता येतो, आणि तो कसा ओळखावा हे रोपवाटिकेने सांगायला हवे होते. पानात पाचांऐवजी सात पर्णिका दिसल्या की तो खुंट, असे सर्रास सांगितले जाते, पण हे गमक कच्चे आहे, कारण चांगल्या जातींच्या पानांतही पुष्कळदा सात पर्णिका असतात. भरवशाची खूण एकच : फुटवा गाठीच्या खालून निघाला आहे की वरून, हे माती बाजूला करून पाहणे. माझ्या फुटव्याला आणखी एक खूण होती, जी मी उशिरा पाहिली. पानाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांची कड कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली होती, आणि हे रोझा मल्टिफ्लोराचे, म्हणजे खुंट म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या गुलाबाचे, ठळक लक्षण आहे. असा फुटवा कात्रीने कापला तर खाली राहिलेल्या डोळ्यांतून दुप्पट फुटवे येतात. तो मुळापर्यंत माती उकरून, निघतो त्या जागेवरून ओढून काढावा लागतो. माझ्या बाबतीत काढून वाचवण्यासारखे वर काही उरलेच नव्हते. या रोपाची भरपाई मी मागितली नाही.

रोपांबरोबर आलेल्या माहितीपत्रकाविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण नवखा माणूस झाडापेक्षा त्या कागदावर जास्त विसंबतो. लागवडीचा भाग चांगला आहे : दिवसाला किमान सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी किंचित आम्लधर्मी माती, लागवडीपूर्वी मुळ्या काही तास पाण्यात बुडवणे, आणि जेथे पूर्वी बरीच वर्षे गुलाब होता त्याच मातीत नवा गुलाब न लावणे. हा शेवटचा मुद्दा फार थोडे विक्रेते सांगतात. पुढे मात्र ‘रोज पाणी द्यावे’ असे सरसकट वाक्य आहे आणि त्या वाक्याने माझ्यासारख्या किती जणांच्या मुळ्या कुजवल्या असतील, कोण जाणे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे, हे त्याच जागेत छापता आले असते.

रोगांविषयीचा मजकूर त्याहून निराशाजनक आहे. ‘काळे ठिपके व भुरी यांवर निमतेलाची फवारणी करावी’ या एका ओळीत दोन रोग एकाच पिशवीत भरले आहेत, वस्तुतः दोघांचे स्वभाव उलट आहेत. काळ्या ठिपक्यांची बुरशी, डिप्लोकार्पन रोझी, हिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारणे हे तिला आमंत्रण. ठिपक्याची कड झिरमिळ्यांची असते, भोवतीचे पान पिवळे पडते आणि खालच्या पानांपासून गळ सुरू होते. भुरीला मात्र पानावर पाणी लागत नाही, उलट ते तिला मानवत नाही. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दमट गारवा असला की कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या मानेवर पिठासारखा थर धरतो आणि पाने चुरमडतात. पहिल्यासाठी सकाळी फक्त मुळाशी पाणी देणे आणि गळलेले प्रत्येक पान उचलून बागेबाहेर टाकणे, दुसऱ्यासाठी झुडपाच्या मध्यातली गर्दी छाटून वारा खेळता ठेवणे, हे फवारणीच्या आधीचे उपाय आहेत. गंधकाची शिफारस पत्रकात आहे, पण तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ते मारले तर पाने करपतात, हा इशारा नाही.

छाटणीबाबत पत्रक म्हणते की सर्व गुलाब वर्षातून एकदा जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटावेत. मी आज्ञाधारकपणे तसे केले. क्वीन एलिझाबेथला त्याचे काहीच वाटले नाही. पीस मात्र पुरा एक बहर रुसून बसला, आणि पुढच्या वर्षी त्याची फक्त वरची एक तृतीयांश वाढ काढली तेव्हा तो पूर्ववत फुलला. वर्षातून एकदाच, जुन्या लाकडावर फुलणारे वेलगुलाब ज्यांच्याकडे असतील त्यांनी हा सल्ला पाळला तर त्या वर्षीची सगळी फुले कचऱ्यात जातील. काप कसा घ्यावा हे मात्र चित्रासह नेमके दाखवले आहे : बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, डोळ्यापासून दूर उतरता, आणि पाते पात्यावरून सरकणाऱ्या कात्रीने, म्हणजे फांदी चेचली जात नाही. संचाबरोबर फुकट आलेल्या ‘फुलवर्धक’ पुडीत एप्सम मीठ निघाले. मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर ते उपयोगी पडते, नसेल तर नुसतेच मीठ घातल्यासारखे होते.

याच रोपवाटिकेच्या संकेतस्थळावर गडद निळ्या गुलाबाचे रोप आजही विक्रीला आहे, आणि ते पाहून मला वाईट वाटते. गुलाबाच्या पाकळीत डेल्फिनिडिन हे निळे रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातले जनुक घालून तयार केलेला ‘अप्लॉज’ हा गुलाब २००९ साली बाजारात आणला, आणि एवढा खटाटोप करूनही त्याचा रंग फिकट जांभळा आहे. ज्यांना फ्लोरिबंडा आणि हायब्रिड टी यांतला फरक पानाच्या पाठीवरून सांगता येतो त्यांना छायाचित्रातला रंग कोठून आला हे नक्कीच ठाऊक असणार.

बदली रोप आले ते निरोगी होते आणि त्याची गाठ सहांपैकी कोणापेक्षाही चांगली होती. यंदा त्याला पहिली फुले आली : लांब दांड्यावर एकेक, काळसर लाल, मखमली, आणि वास असा की कुंडीजवळून जाताना पाय थबकावा. पाकळ्या मोजल्या, चौतीस भरल्या. मी समाधानाने नव्या पट्टीवर नाव लिहायला बसले आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. क्रायस्लर इम्पीरियल आणि शार्ल मालेराँ या एकाच जोडीच्या संकरातून मिस्टर लिंकनबरोबरच आणखी दोन गुलाब निघालेले आहेत, १९६३ सालचा पापा मेयाँ आणि १९६४ सालचा ओक्लाहोमा. तिघेही गडद लाल, तिघेही सुगंधी. ओक्लाहोमाचे फूल अधिक काळपट आणि जड असून मान टाकते असे वर्णन आहे, पापा मेयाँला भुरी लवकर धरते, आणि मिस्टर लिंकनचे झुडूप तिघांत उंच आणि ताठ होते. माझ्या रोपाची उंची सध्या जेमतेम गुडघ्याएवढी आहे, भुरी अजून आलेली नाही, आणि दोनपैकी एका फुलाने मान किंचित खाली घातली होती, पण ती आदल्या रात्रीच्या पावसाने असू शकेल.

रोपवाटिकेला मी ही शंका कळवली. उत्तर आले की त्यांच्या वहीत मिस्टर लिंकन अशी नोंद आहे, परंतु मातृझाड आधीच्या मालकाच्या काळातले असल्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही, दोन हंगाम वाट पाहावी. या वेळी मला त्या उत्तराचा राग आला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची पट्टी कापून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून मी तिच्यावर लिहिले आहे, म्हणजे ऊनपावसाने ते पुसले जाणार नाही : ‘मिस्टर लिंकन, बहुधा.’